दीपोत्सव की धूम्रोत्सव?

आश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळी सवत्स धेनूची पूजा होते आणि दीपावलीचे पाऊल घराच्या उंबरठ्यात पडते. दुसऱ्या दिवशी धन्वंतरीचे पूजन आणि अपमृत्यू टळावा म्हणून यमास दीपदान, चतुर्दशीस अरुणोदयी अभ्यंग, अमावास्येस लक्ष्मीपूजन, प्रतिपदेस बलिराजाचे स्मरण, द्वितीयेस बहिणीने भावास आयुष्य चिंतून केलेले औक्षण. नीट पाहिले तर ह्या सहा दिवसांतील आपले मागणे साधेच आहे. गोधन सुखी असावे, देह निरोगी असावा, अकाली मरण नसावे, घर स्वच्छ असावे, जिवलगांस दीर्घायुष्य लाभावे. असे मागणे ज्या दिवसांत मागावयाचे, त्याच दिवसांत शेजाऱ्याचा श्वास कोंडावा आणि तोही आमच्या हातून, असा प्रसंग तीन वर्षांपूर्वी आमच्यावर आला. कीर्तनकाराने दुसऱ्याचे दोष सांगण्यापूर्वी स्वतःचा सांगावा, म्हणून आधी तोच निवेदन करतो.

आमच्या दारची माळ

आमचे वास्तव्य पंढरीत, देवळानजीकच्या एका बोळात. आमच्या कीर्तनास तीस वर्षे मृदंगाची साथ करणारे अण्णा भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांस दम्याची जुनी व्यथा. दर दिवाळीस ते खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून बसत. त्याचा अर्थ काय, हे आम्ही कधी मनावर घेतले नव्हते. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नातवाने हट्ट धरला. कोजागिरीच्या कीर्तनाची बिदागी हाती होती. आम्ही दहा हजार फटाक्यांची माळ आणली आणि ती बोळातच लावली. मुले टाळ्या पिटत होती, आम्हीही कौतुकाने पाहत होतो. बोळ अरुंद, वारा पडलेला. माळ संपली तरी धूर जागचा हलेना. अर्ध्या तासाने पलीकडून हाक आली. अण्णांचे ओठ निळसर पडले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

दवाखान्यात प्राणवायूवर दोन रात्री काढून ते परतले. पाडव्याच्या पहाटेचा काकडा त्यांच्या मृदंगाविना झाला. कार्तिकी एकादशीस ते साथीस बसले खरे. पण अभंग अर्ध्यावर असता त्यांनी मृदंग शिष्याकडे सरकविला. मागाहून म्हणाले, "बुवा, हात चालतो हो, पण दम पुरत नाही." माळ कोणी लावली होती, हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी त्याचा उच्चार आजतागायत केला नाही. त्या मौनानेच आम्हांस ग्रंथ पुन्हा उघडावयास लावले.

ग्रंथांचा कौल

फटाके उडविणे हे धर्मकृत्यच आहे, असे मनोमन मानणारी मंडळी पुष्कळ आहेत. आमची ही पंढरी म्हणजे धर्मसिंधुकार काशीनाथशास्त्री उपाध्ये यांची कर्मभूमी. शके १७१२ मध्ये, म्हणजे इ. स. १७९० साली, त्यांनी तो ग्रंथ पूर्ण केला. त्यापूर्वीचा कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु इ. स. १६१२ चा. ह्या निबंधग्रंथांच्या परंपरेत दीपावलीस अभ्यंग, दीपदान, उल्कादर्शन, लक्ष्मीपूजन, अलक्ष्मीचे निस्सारण ही कृत्ये सांगितली आहेत. स्फोटक दारू उडविण्याचा विधी त्यांत नाही.

दोन ठिकाणी मात्र लोकांची गल्लत होते. पहिले स्थान उल्केचे. महालयात आलेल्या पितरांस परतीची वाट दिसावी, म्हणून हाती धरावयाची पेटती चूड म्हणजे उल्का. तिचे काम उजेड दाखविण्याचे आहे. तिला आवाज नाही. दुसरे स्थान अलक्ष्मीचे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री स्त्रियांनी सुपे आणि डिंडिम वाजवून अलक्ष्मीस आपल्या अंगणातून घालवावे, असे वचन आहे. सुपाचा नाद कोणाच्या छातीत धडकी भरविणारा नसतो. शिवाय अलक्ष्मी म्हणजे मलिनता आणि कलह. म्हणूनच त्या दिवशी आपण केरसुणीस लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहतो. आता पाडव्याच्या सकाळी दारातील दृश्य आठवावे. जळक्या कागदांचा खच, गंधकाचा दर्प, आणि त्या खचात देवीचे चित्र छापलेली वेष्टने पायदळी गेलेली. अलक्ष्मी गेली की आली, हे ज्या गृहिणीस ते झाडावे लागते तिनेच सांगावे.

दारूकाम आले कोठून?

बंदुकीच्या दारूचा शोध चीनमध्ये लागला. ती विद्या आपल्याकडे केव्हा रुळली, ह्याचा कसून शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. त्यांनी जमविलेल्या पुराव्यांवरून भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास इ. स. १४०० च्या सुमारापासून मांडता येतो. विजयनगरचा उत्सव १४४३ साली पाहणाऱ्या अब्दुर रझ्झाक ह्या इराणी वकिलाने तेथील दारूकामाचा उल्लेख केला आहे. ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरील 'कौतुकचिंतामणि' ह्या संस्कृत ग्रंथात सोरा, गंधक, कोळसा यांच्या मिश्रणाच्या कृती आहेत. आमच्या कीर्तनाचा जिव्हाळ्याचा विषय जे नाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर', त्यातील विवाहसोहळ्यातही शोभेची दारू आहे. तेव्हा दारूकाम परके म्हणून झिडकारावे, असे आमचे म्हणणे नाही. ते कौतुकाचे अंग होते, पूजेचे नव्हे, एवढेच ध्यानी घ्यावे.

ते कौतुक कसे पाहत, हेही बोधप्रद आहे. पेशव्यांच्या बखरीत असे वर्णन आहे, की महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांस कोट्याच्या दिवाळीची हकिगत सांगितली. तेथे दारूकामाची लंका उभारीत, दारूचा मारुती करीत, आणि त्याच्या शेपटीस अग्नी देऊन लंकादहन दाखवीत. श्रीमंतांनी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा करविला, आणि अंधाऱ्या रात्री टेकडीवर बसून सरदारांसह तो पाहिला. गावाचा एक देखावा, मोकळे मैदान, आणि पाहणारे दूर उंचावर. आज तीच दारू हजारो उंबरठ्यांवर, चार हातांच्या बोळात, तान्ह्या मुलांच्या नाकाशी जळते. सारा अनर्थ ह्या अंतराच्या लोपात आहे.

धुराचे गणित

फटाक्यातील सोरा प्राणवायू पुरवितो, गंधक आणि कोळसा जळतात. रंगासाठी धातूंचे क्षार घालतात: हिरव्यास बेरियम, तांबड्यास स्ट्राँशियम, निळ्यास तांबे, शुभ्र प्रकाशास ॲल्युमिनियम. जळताना गंधकाचा तिखट वायू निघतो. त्याने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. परंतु अधिक घातक असतात ते सूक्ष्म कण. अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असे हे कण नाकात अडत नाहीत. ते फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे दम्याइतकाच हृदयविकार असणाऱ्यांसही धोका असतो.

त्यातच ऋतू प्रतिकूल. आश्विन-कार्तिकात रात्री गार होऊ लागतात, वारा मंदावतो. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार, असे थर पडले की धूर वर चढत नाही. घोंगडी पांघरावी तसा तो वस्तीवर पसरतो. पाडव्याच्या पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटी स्नानास जाणाऱ्यांनी नदीवरचा तो करडा थर पाहिलाच असेल. आपण त्यास धुके म्हणतो. सारेच धुके नसते.

आम्हांस सर्वाधिक विस्मय वाटला तो पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये केलेल्या मोजणीचा. भारतात चोवीस तासांच्या सरासरीने ह्या सूक्ष्म कणांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. फटाका जळत असता त्याच्या निकट क्षणिक उच्चांक आढळला तो असा: भुईनळा ४,८६०, फुलबाजी १०,३९०, माळ ३८,५४०, आणि नागगोळी ६४,५००. चोवीस तासांची सरासरी आणि क्षणाचा उच्चांक यांची थेट तुलना होत नाही, हे मान्य. तथापि क्रम पाहावा. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून जी नागगोळी आपण सर्वांत लहान मुलास निर्धास्तपणे देतो आणि तो तिच्यावर ओणवा होऊन साप निघताना पाहतो, तीच धुरात सर्वांत पुढे. आम्हीही नातवास प्रथम नागगोळीच दिली होती.

आवाज आणि आग

निवासी वस्तीत रात्रीच्या आवाजाची विहित मर्यादा ४५ डेसिबल. फटाक्यास चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. हे माप सरळ बेरजेचे नाही. दर दहा डेसिबलमागे ध्वनीची तीव्रता दसपट होते. वृद्ध, रुग्ण आणि अर्भके यांची झोप मोडते, रक्तदाब चढतो, कानांस कायमची इजा होऊ शकते. कुत्र्यांचे आणि गुरांचे कान तर आपल्याहून तीक्ष्ण. ज्या गाईस द्वादशीस ओवाळले, ती अमावास्येस दावे तोडू पाहते. मग ती पूजा कसली?

आगीविषयी एकच दाखला पुरे. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळात परवूर येथील पुट्टिंगल देवीच्या मंदिरात, परवानगी नाकारलेली असताना, दारूकामाची चढाओढ झाली. साठ्यावर ठिणगी पडली आणि शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. देवीच्या दारातली ही गोष्ट. साधी फुलबाजीदेखील हजार अंश सेल्सियसच्या घरात तापते, हे ती मुलाच्या हाती देणाऱ्याने विसरू नये.

एक आक्षेप

"वर्षभर कारखाने आणि मोटारी धूर ओकतात, मग आमचाच सण का आड येतो?" असा प्रश्न आमच्या श्रोत्यांनी अनेकदा केला आहे. प्रश्न रास्त आहे. कारखान्यास नियम हवा, मोटारीस हवा, वरातीस आणि निवडणुकीच्या मिरवणुकीसही हवा. धूर पंचांग पाहत नाही. हॉलंडमध्ये नववर्षाच्या मध्यरात्री फटाके सुरू होताच झोपलेले हजारो पक्षी घाबरून आकाशात उठतात, हे तेथील शास्त्रज्ञांनी हवामानाच्या रडारवर पाहून २०११ मध्ये प्रसिद्ध केले. सण त्यांचा असो वा आपला, पाखरांचे भय एकच. परंतु दुसऱ्याचा दोष आपल्या दोषाचे प्रायश्चित्त होत नाही. आपला सण तर उजेडाचा. त्याने पहिला धडा घालून दिला तर त्यात उणेपणा कोणता?

असा धडा घालून देणारी गावे आपल्याच देशात आहेत. तामिळनाडूत वेट्टंगुडी पक्षी अभयारण्यालगत कोल्लुकुडिपट्टी नावाचे खेडे आहे. तळ्यावर घरटी करणारे पक्षी बुजू नयेत, म्हणून तेथील लोक कित्येक दशके दीपावलीस फटाके उडवीत नाहीत. ज्या शिवकाशीत देशातील बहुतांश फटाके होतात, त्याच राज्यातील हे खेडे. त्यांची दिवाळी त्यामुळे सुनी झाली नाही.

राजाज्ञा आणि आत्माज्ञा

दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या वतीने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. तिच्यावर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने बेरियमच्या क्षारांस मनाई केली, केवळ कमी प्रदूषणाचे हरित फटाके विकावेत असे सांगितले, आणि दिवाळीस रात्री आठ ते दहा ही वेळ नेमून दिली. हरित फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झाली. त्यांतून कणरूप धूर सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, उरलेला उरतोच.

राजाज्ञा एवढे करू शकते. पुढचे घरच्या कर्त्याने करावे. माळ आणि नागगोळी ह्या दोन वस्तू आधी वर्ज्य कराव्यात. मुलांचे मन मोडवत नसेल, तर गावाने वा आळीने मिळून मैदानावर, ठरल्या वेळी, थोडे हरित दारूकाम करावे आणि पर्वतीवरच्या श्रीमंतांप्रमाणे दुरून पाहावे. मुलाच्या अंगी सुती कपडे असावेत, पाण्याची बादली जवळ असावी. भाजल्यास जखमेवर वाहते थंड पाणी धरावे. तूप वा शाई लावू नये, वैद्याकडे न्यावे. आणि वाचलेल्या पैशातून शेजारच्या एका अंधाऱ्या घरी तेल-पणत्या आणि फराळ पोहोचवावा. दीपदान ह्या शब्दातील 'दान' आपण विसरलो आहोत, ते अशाने आठवेल.

आमच्या नातवाने बोळातील मुले जमवून हाच बेत केला. गेल्या दोन दिवाळ्यांत आमच्या बोळात माळ लागली नाही. सारा गाव बदलला असे नव्हे. वेशीपलीकडचे आवाज ऐकू येतातच. अण्णांचा दमही पूर्ववत झाला नाही. एक-दोन अभंगांपुरती साथ करून ते मृदंग शिष्याहाती देतात. पण गतवर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही प्रसाद घेऊन गेलो, तेव्हा त्यांची खिडकी उघडी होती आणि तिच्या चौकटीत एक पणती तेवत होती.

आपल्याही शेजारी अशी एखादी मिटलेली खिडकी असेल. ही दीपावली तिच्यासाठी उघडो, आणि धन्वंतरीच्या कृपेने सर्वांस आरोग्य लाभो. शुभं भवतु.