दिवेलागणीच्या आधीचा तास

आमच्या पिंपरी पेंढार गावच्या पोरांचा खेळ म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट, नाहीतर कबड्डी. फुटबॉल आमच्याकडे फारसा कुणी खेळत नाही. पण मार्च 2022 मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला आणि नंतर तो गावात मोबाईलवर फिरला. अमिताभ बच्चनचे विजय बोराडे सर पाहून कुणाकुणाचे डोळे ओले झाले. ‘असा एक मास्तर आपल्याला पाहिजे होता,’ हे वाक्य मी तेव्हा दोन-तीनदा तरी ऐकलं. मास्तर खरा आहे, नागपूरचा आहे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांचं नाव विजय बारसे, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. गोष्ट 2001 च्या पावसाळ्यातली. पाऊस कोसळत होता म्हणून ते आडोशाला थांबले. समोर झोपडपट्टीतली पोरं चिखलात एक फुटकी बादली लाथाडत होती. त्यांना ना चेंडूची फिकीर होती ना बुटांची. बारसेंनी त्यांना चेंडू दिला. इथपर्यंतचं कुणीही केलं असतं, आणि बऱ्याचदा अशा गोष्टी इथेच संपतात. बारसेंनी पुढे शहरातल्या झोपडपट्ट्यांसाठी वेगळी स्पर्धाच भरवली, आणि 128 संघ उतरले. नाव दिलं ‘झोपडपट्टी फुटबॉल’. काहींना ते नाव खटकलं. मला तेच पटतं: ज्या शब्दानं पोरांना हिणवलं जायचं, तोच बॅनरवर लावला.

यातूनच क्रीडा विकास संस्था, नागपूर आणि तिचा ‘स्लम सॉकर’ हा उपक्रम उभा राहिला. निवृत्तीचा पैसा घालून बारसेंनी शहरालगत बोखाऱ्याला जमीन घेतली. अमेरिकेहून परतलेला त्यांचा मुलगा अभिजित यानं कामाला संस्थेची शिस्त आणली. पुढे मुली आल्या, कर्णबधिर मुलं आली. 2016 मध्ये फिफानं आपला विविधता पुरस्कार दिला तो या नागपुरी संस्थेला.

लोकांना आठवतं ते मात्र परदेशी नेणारं विमान. ‘होमलेस वर्ल्ड कप’ ही बेघर आणि वंचित खेळाडूंची जागतिक स्पर्धा 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला सुरू झाली. एका बाजूला चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, छोटं आखीव मैदान. भारताचा संघ तिथे पोचला तो बारसेंच्या पोरांमुळे. 2010 मध्ये रिओला भारताचं कर्णधारपद नागपूरच्या अखिलेश पॉलकडे होतं. एकेकाळी गुन्हेगारीत अडकलेला हा पोरगा पुढे प्रशिक्षक झाला. 2014 मध्ये ‘सत्यमेव जयते’नं ही कहाणी घराघरांत नेली. नंतर त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढायचे हक्क कुणाचे, यावरून निर्मात्यांच्या कोर्टकचेऱ्याही झाल्या. ज्याला कुणी उभं करत नव्हतं त्याच्या गोष्टीवर दोघे हक्क सांगू लागले, याला प्रगती म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.

होमलेस वर्ल्ड कपचा एक नियम सिनेमा पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. खेळाडूला तिथे आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे विमान जातं तसं परत येतं, आणि पोरगा पुन्हा त्याच गल्लीत उतरतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. स्लम सॉकरनं त्याच पोरांतून प्रशिक्षक घडवले, हे मला परदेशवारीपेक्षा मोठं वाटतं. तरी सगळे हाती लागत नाहीत. ‘झुंड’मध्ये काम केलेल्या एका तरुणाचा ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरातच खून झाला. बच्चनबरोबर पडद्यावर झळकूनही गल्ली सुटली नव्हती.

असंच काम मुंबईतही झालं. तिथे कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी आंबेडकर नगर ही वस्ती आहे. तिथल्या अशोक राठोडनं 2006 मध्ये 18 पोरं गोळा केली. त्याचे स्वतःचे सोबती शाळा सोडून ससून डॉकवर मासळीच्या कामाला लागले होते, पुढे जुगार आणि दारू. अशोक शिकत राहिला. त्यानं पोरांना एकच अट घातली: शाळेत गेलात तर मैदानात या, नाहीतर नाही. त्यातून ऑस्कर फाउंडेशन झालं. बारसे बाहेरून वस्तीत आले, राठोड वस्तीतलाच. पण दोघांत एक सारखेपणा होता: दोघेही दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर हजर.

कोल्हापूरच्या फुटबॉलची तऱ्हा वेगळी. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब: तिथे कुणी कुणाचा उद्धार करायला निघालेलं नाही. पेठेचा संघ आहे, पेठेची इज्जत आहे, म्हणून गवंड्याचं पोर आणि दुकानदाराचं पोर एका जर्सीत. कधी कधी हाणामारीही होते, आणि तीही पेठेचीच. पण रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच गावचा. पुढचं शिक्षण त्याला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत मिळालं.

त्या विश्वचषकाच्या तोंडावर, 15 सप्टेंबर 2017 ला, राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ काढलं. एकाच दिवशी महाराष्ट्रभर लाखो मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना चेंडू मिळाले, फोटो निघाले. दिवस झकास गेला. सोळा तारखेला मैदानावर कोण येणार, याची तरतूद योजनेत नव्हती. नागपूरला दुसऱ्या दिवशीही येणाऱ्या त्या एका माणसावर, बारसेंवर, सगळं उभं राहिलं होतं.

आमच्याकडे अडचण आणखी एक आहे, आणि तिला चार पाय आहेत. पिंपरी पेंढार, ओतूर, आळे, राजुरी या पट्ट्यात ऊस दाराशी आलाय आणि उसाबरोबर बिबट्या. माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. दिवेलागणीच्या आधीचा तास हा कुठल्याही गावात पोरांच्या खेळाचा तास. आमच्याकडे तोच तास आयांनी पोरांना घरात ओढायचा झालाय. शहरातल्या गरीब वस्तीत ही वेळ दारूच्या गुत्त्यानं आणि जुगाराच्या अड्ड्यानं खाल्ली, इथे बिबट्यानं. घरात ओढलेलं पोर मोबाईल हातात घेतं, त्यावर ‘झुंड’ही असतो आणि इतर बरंच काही.

गावची माणसं मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कुणी मार्केटात, कुणी माथाडीत. यात्रेला येताना मंडपाची, तमाशाची वर्गणी हात न आखडता देतात. या वर्षी त्यांना एक विनंती आहे. मैदानाला तारेचं उंच कुंपण आणि चार दिवे, एवढ्यासाठी वर्गणी काढू. आणि गावात राहणाऱ्यांपैकी कुणी एकानं रोज संध्याकाळी दोन तास तिथे उभं राहायचं कबूल करावं. चेंडू मी आणतो.