रंगाऱ्याची मजुरी आणि मालावरील धारणाधिकार

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावातच एक धंदा गोवलेला आहे. कापड रंगवावयास देणे हा कायद्याच्या दृष्टीने ‘निक्षेप’ होय. कारण माल विशिष्ट हेतूने सोपविला जातो आणि हेतू सिद्धीस गेल्यावर तो परत करावयाचा असतो. मजुरी न मिळाल्यास रंगाऱ्याने कापड अडवून ठेवावे काय, हा येथील प्रश्न आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८७२ चा भारतीय करार कायदा या प्रदेशास १९५१ साली लागू करण्यात आला. त्याच्या १७० व्या कलमान्वये, निक्षेपाच्या हेतूस अनुसरून मालावर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्यास, विरुद्ध करार नसेल तर, योग्य मोबदला मिळेपर्यंत तो माल ठेवून घेता येतो. हाच धारणाधिकार. ज्याच्यापाशी दावा चालविण्याचे बळ नाही अशा कारागिराचे हेच एकमेव तारण असते.

परंतु या अधिकारास मर्यादा आहेत. उधारीचा वायदा केला असल्यास तो उरत नाही. कोट शिवून होताच देण्याचे व पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल करणाऱ्या शिंप्याचे उदाहरण कायद्यातच दिले आहे. ताबा सुटला की अधिकारही सुटतो. गहाणदाराप्रमाणे माल विकण्याची मुभा या कलमात नाही. शिवाय आजच्या लुगड्याची मजुरी चुकती केली असता गेल्या वर्षीच्या बाकीसाठी ते अडविता येत नाही. मागील सर्व येण्यासाठी माल रोखण्याचा व्यापक अधिकार १७१ व्या कलमाने पेढीवाले, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी आणि विमापत्रांचे दलाल यांनाच दिला आहे. इतरांस त्यासाठी स्पष्ट करार हवा.

मग फीसाठी वकिलास पक्षकाराची कागदपत्रे ठेवता येतील काय? आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नकारार्थी उत्तर दिले. दाव्याचे कागद हा विकाऊ ‘माल’ नव्हे. ते अडविल्यास पक्षकाराचा न्यायच अडतो. फी वसूल करण्यास अन्य कायदेशीर मार्ग मोकळे आहेत.

तात्पर्य, कारागिराचा धारणाधिकार त्याने त्या मालात घातलेल्या श्रमातून निर्माण होतो. रंगाऱ्याचे श्रम कापडात उतरलेले असतात, म्हणून कापड त्या श्रमांपुरतेच जामीन राहते. केवळ दुसऱ्याची अडचण हा कोणत्याही अधिकाराचा पाया होऊ शकत नाही.