अपडेटनंतर ब्राउझर रांगतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

एपिसोड ऐकताना बटणांची नावं निसटतात, अशी तुमची नेहमीची तक्रार असते. म्हणून ही लेखी आवृत्ती. वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला: "रात्री लॅपटॉपने अपडेट घेतलं आणि सकाळपासून ब्राउझर रांगतोय. दुकानात दाखवलं तर म्हणतात फॉरमॅट मारावा लागेल. मारू का?"

माझं उत्तर: लगेच नको. फॉरमॅटनंतर लॅपटॉप फास्ट वाटतो हे खरं. पण सिंक चालू नसेल तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क जातात. बॅकअप नसेल तर डेस्कटॉपवरचा प्रोजेक्टही जातो. आणि एवढं करून कारण कळतच नाही. मग पुढच्या अपडेटला पुन्हा दुकान, पुन्हा पैसे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. "अपडेट झालं" असं आपण म्हणतो तेव्हा एकाच वेळी तीन-चार गोष्टी बदललेल्या असतात. सिस्टिम बदलते. कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो. आणि लॅपटॉप रिस्टार्ट झाल्यामुळे ब्राउझरची कित्येक दिवस ताटकळत बसलेली नवी आवृत्तीही लागू होते. तुम्ही महिनाभर लॅपटॉप नुसता झाकण लावून ठेवत असाल तर हे नक्की होतं. त्यामुळे "अपडेटने बिघडवलं" एवढ्यावर थांबायचं नाही. नक्की कुठे अडलंय ते शोधायचं, एका वेळी एकच गोष्ट तपासून.

पहिली तपासणी: लॅपटॉप कामात आहे का?

मोठ्या अपडेटनंतर सिस्टिम पाठीमागे बरंच काम करत असते. विंडोजमध्ये फाइलींची शोधयादी नव्याने बनते, अँटिव्हायरस स्कॅन करतो, बाकीची अ‍ॅप्स अपडेट होतात. मॅकमध्ये स्पॉटलाइट सगळी डिस्क पुन्हा वाचतो. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी असेल तर हे काही तास चालू शकतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ब्राउझर बंद असतानाही डिस्क किंवा सीपीयू 90-100 टक्क्यांवर असेल, तर ब्राउझर बिचारा रांगेत उभा आहे. चार्जर लावा, लॅपटॉप चालू ठेवा आणि जेवून या. रात्रभर ठेवलात तर उत्तम.

दुसरी तपासणी: नेट स्लो आहे का?

त्याच वायफायवर फोनमध्ये तीच साइट उघडा. फोनवरही रखडली तर लॅपटॉपला बोल लावू नका. फोनवर पटकन उघडली तर उलटं करा: लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या. पण त्याआधी विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला "मीटर्ड कनेक्शन" करा. नाहीतर अर्धवट राहिलेले डाउनलोड तुमचा दिवसाचा डेटा खाऊन टाकतील. व्हीपीएन वापरत असाल तर तो बंद करूनही एकदा बघा.

तिसरी तपासणी: एक्सटेन्शन

मला सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार इथे सापडतो. इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि तीच साइट चालवा. इन्कॉग्निटोमध्ये तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्सटेन्शन बंद असतात. तिथे साइट सुसाट चालली तर दोष एक्सटेन्शनचा असण्याची शक्यता मोठी. फायरफॉक्सवाल्यांनी हेल्प मेन्यूमधला ट्रबलशूट मोड वापरा.

माझ्या आतेबहिणीचं उदाहरण सांगतो. इंजिनीअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते आणि फॉर्मचं पान उघडायलाच मिनिट लागत होतं. तिचा फोन आला, "दादा, दुकानवाले म्हणतात लॅपटॉप ठेवून जा, उद्या संध्याकाळी मिळेल." म्हटलं, ठेवू नकोस, आधी इन्कॉग्निटो उघड. तिथे पान लगेच आलं. तिच्याकडे नऊ एक्सटेन्शन होती. एकेक बंद करत बसण्यापेक्षा निम्मी बंद करायला सांगितली. फरक पडला, म्हणजे चोर त्या निम्म्यांत. मग त्यातली निम्मी. नऊ असतील तर जास्तीत जास्त चार फेऱ्यांत उत्तर मिळतं. सापडलं ते पीडीएफ जोडणारं एक जुनं एक्सटेन्शन, जे तिने कित्येक महिन्यांत वापरलंच नव्हतं. त्याला "सगळ्या साइट्स वाचण्याची" परवानगी होती, म्हणजे प्रत्येक पानावर ते आपला कोड चालवायचं. ब्राउझरच्या नव्या आवृत्तीशी त्याचं जमेना. ते काढलं आणि फॉर्म त्याच रात्री भरून झाला.

क्रोमचा स्वतःचाही एक टास्क मॅनेजर आहे. विंडोजवर क्रोममध्ये असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. कोणता टॅब किंवा कोणतं एक्सटेन्शन किती मेमरी आणि सीपीयू घेतंय, ते नावासकट दिसतं. क्रोम 2008 मध्ये आलं तेव्हापासून वेगवेगळे टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं, म्हणून हा हिशोब मिळतो.

चौथी तपासणी: ग्राफिक्स

साइट लवकर उघडते, पण स्क्रोल करताना धक्के बसतात, यूट्यूब अडखळतं, पंखा जोरात फिरतो. ही लक्षणं वेगळी आहेत. स्क्रीन सेकंदाला 60 वेळा नवं चित्र दाखवते, म्हणजे एका चित्रासाठी साधारण 16 मिलिसेकंद मिळतात. हे काम ग्राफिक्स चिपचं. ड्रायव्हर बिघडला किंवा बदलला तर ब्राउझर ते काम सीपीयूवर टाकतो, आणि सीपीयूची दमछाक होते.

तपासायचं कसं? अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि जीपीयू असं सलग टाइप करा. वरच्या यादीत बहुतेक ओळींपुढे "हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड" असेल तर ठीक. "सॉफ्टवेअर ओन्ली" असं जागोजागी दिसलं तर आधी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टिम विभागात, ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना ते बघा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे तुमच्या चिपच्या नावाऐवजी "बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असेल तर खरा ड्रायव्हर गायब आहे. तो लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. "ड्रायव्हर अपडेटर" नावाची फुकट सॉफ्टवेअर नकोत.

याउलट अ‍ॅक्सिलरेशन चालू असून पान चमकतंय, काळे चौकोन येतायत, असं असेल तर तेच बटण बंद करून बघा.

हे करू नका

कॅशे साफ करा, हा सल्ला सगळे देतात. एखादी साइट मोडकी दिसत असेल तर त्याचा उपयोग आहे. पण कॅशे असतोच मुळी वेगासाठी. तो उडवला की प्रत्येक साइट पहिल्यांदा हळूच उघडणार. साफ करायचाच असेल तर पासवर्डच्या खुणेला हात लावू नका. त्यापेक्षा क्रोमच्या सेटिंग्जमधलं "रीसेट" बरं. त्यात एक्सटेन्शन बंद होतात, कुकीज जातात, पण बुकमार्क आणि पासवर्ड राहतात.

दुसरं, अपडेट कायमचं बंद करू नका. विंडोजचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेच्या वेळेने. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बुधवारी सकाळी लॅपटॉप रिस्टार्ट मागतो. त्या दिवशी परीक्षा किंवा फॉर्मची शेवटची तारीख असेल तर अपडेट आठवडाभर पॉज करा. पॉज चालेल, बंद नको. बँकेचे व्यवहार याच ब्राउझरमधून करता ना?

आणि सगळं करूनही जमलं नाही तर मागे जायचा रस्ता आहे. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर साधारण 10 दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत "गो बॅक" मिळतं. त्यासाठी जुनी सिस्टिम "विंडोज ओल्ड" या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. जागा हवी म्हणून तो आधीच उडवू नका. महिन्याचं छोटं अपडेट असेल तर अपडेट हिस्टरीतून ते काढता येतं.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी एवढंच: अँड्रॉइडच्या मोठ्या अपडेटनंतर फोन एखादा दिवस गरम आणि सुस्त वाटला तर घाबरू नका. सगळी अ‍ॅप्स नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार होत असतात. रात्री चार्जिंगला लावा, आणि प्ले स्टोअरमधून क्रोम आणि वेबव्ह्यू अपडेट करा.

चारही तपासण्यांना मिळून अर्धा तास पुरतो. कोणत्या तपासणीत तुमचा चोर सापडला ते व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये पासवर्डचा बॅकअप, नीट आणि सुरक्षित. भेटूया!