चोचीतून ‘पो’ म्हणणारे आजोबा

‘कुंग फू पांडा’ पाहिलाय ना? मग पोचे बाबा आठवत असतीलच. नूडल्सचं दुकान चालवणारे, सतत लगबगीत असलेले आणि पो दोन मिनिटं दिसला नाही तरी कासावीस होणारे मिस्टर पिंग. पोरगा भलाथोरला पांडा आणि बाबा चक्क हंस!

आता एक गंमत करा. ओठ एकमेकांना अजिबात लागू न देता ‘पो’ म्हणून बघा. ‘हो’ होईल, ‘को’ होईल, पण ‘पो’ काही केल्या व्हायचं नाही. प, ब, भ, म ही मंडळी ओठ मिटल्याशिवाय तोंडाबाहेर येतच नाहीत. मग ज्याला ओठच नाहीत, नुसती चोच आहे, त्या हंसानं लेकाला हाक मारायची तरी कशी?

चित्रकारांनी त्यावर सोपा उपाय शोधला. सिनेमातली चोच टणक न ठेवता थोडी वाकणारी, मुडपणारी केली. पण हा झाला डोळ्यांसाठीचा उपाय. कानाला जी हाक ऐकू येते, ती एका खऱ्याखुऱ्या माणसाच्या ओठांतून आलेली आहे. त्यांचं नाव जेम्स हाँग. पहिला ‘कुंग फू पांडा’ २००८ साली आला, तेव्हा हे आजोबा ७९ वर्षांचे होते. २०२४ मध्ये चौथा भाग आला, तेव्हा ९५ वर्षांचे!

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२९चा, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातला. घर चिनी. लहानपणी काही वर्षं ते हाँगकाँगमध्येही राहिले. मोठे होऊन शिकले काय? तर सिव्हिल इंजिनिअरिंग. लॉस एंजेलिस परगण्यात त्यांनी रस्ते बांधणीच्या खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरी केली आणि रजा काढून काढून ते सिनेमात कामं करत. नकला तर अशा करत, की विचारू नका. ग्राउचो मार्क्स नावाचा एक फार प्रसिद्ध विनोदी नट तेव्हा टीव्हीवर प्रश्नमंजूषा घ्यायचा. १९५४ साली हाँग त्याच्या कार्यक्रमात गेले आणि त्यांनी खुद्द ग्राउचोसमोर ग्राउचोचीच नक्कल करून दाखवली! धीट माणूस म्हणायचा. पुढे नोकरी सुटली, नट उरला.

हे नकला करणं म्हणजे नेमकं काय, ते तुमच्याच गळ्यात शोधू या. गळ्यावर हलकेच बोटं ठेवा आणि जाड आवाजात ‘आऽऽ’ म्हणा. थरथर जाणवली? गळ्यात स्वरयंत्र असतं आणि त्यात दोन नाजूक घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातली हवा वर येताना त्यांना हलवते. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, बाईचे दोनशेच्या आसपास आणि तुमच्यासारख्या लहानांचे तीनशेच्या घरात. आता बारीक आवाजात ‘ईऽऽ’ म्हणा. बोटांखालचं स्वरयंत्र किंचित वर सरकेल. स्वरतंतू ताणले गेले, थरथर वाढली, आवाज बारीक झाला. त्यात जीभ पुढे आणून तोंडातली पोकळी लहान केली, थोडा आवाज नाकात सोडला, की तुम्ही कुणी वेगळेच वाटायला लागता. नकलाकार नेमकं हेच करतो, फक्त त्याचा कान तुमच्याआमच्यापेक्षा तिखट असतो.

बरं, खऱ्या हंसाचं काय? त्याचा आवाज गळ्याच्या वरच्या भागात तयारच होत नाही. श्वासनलिका खाली छातीत जाऊन दोन फुप्फुसांसाठी दोन वाटांना फुटते, त्या फाट्यापाशी पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र असतं. त्याला सिरिंक्स म्हणतात. म्हणजे खरा हंस छातीतून ओरडतो आणि मिस्टर पिंग गळ्यातून.

अशा कार्टून सिनेमात आवाज आधी आणि चित्र मागून येतं. नट एका खोलीत माइकसमोर उभा राहून बोलतो, ओरडतो, रडतो. तेव्हा बहुधा त्याच्या चेहऱ्याचंही चित्रीकरण करतात. मग चित्रकार त्या आवाजावर बेतून एकेक हालचाल घडवतात. हाँगनी मात्र याच्या उलट प्रकारही केलाय, आणि तो कितीतरी आधी! १९५४ साली जपानमध्ये गॉडझिला हा राक्षसी प्राणी पडद्यावर आला. दोन वर्षांनी त्याची अमेरिकी आवृत्ती निघाली. त्यात जपानी पात्रांच्या तोंडी इंग्रजी घालायचं होतं. हाँग आणि आणखी मोजक्या नटांनी मिळून बऱ्याच पात्रांचे आवाज काढले. इथे चित्र आधीच ठरलेलं, त्यामुळे पडद्यावरचं तोंड बंद व्हायच्या आत वाक्य संपवायचं! आणि त्या गॉडझिलाची डरकाळी कशी केली होती, सांगू? संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासला होता. मला तर डरकाळीपेक्षा तो हातमोजाच जास्त आवडतो.

१९८२ सालचा ‘ब्लेड रनर’ हा मोठ्यांचा सिनेमा, तुम्ही मोठे झाल्यावर बघा. त्यात हाँग कृत्रिम डोळे बनवणारे कारागीर झालेत. त्यांची प्रयोगशाळा बर्फाळ दिसते, बोलताना तोंडातून वाफ निघते. ती काही कॅमेऱ्याची करामत नाही. हा प्रसंग लॉस एंजेलिसजवळच्या एका खऱ्या शीतगृहात चित्रित केलाय. आपला श्वास उबदार आणि ओलसर असतो. बाहेरच्या गार हवेत आला, की त्यातल्या पाण्याच्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि आपल्याला ढगच दिसतो. चार वर्षांनी ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’मध्ये तर ते दोन हजारांहून जास्त वर्षं जगलेला दुष्ट जादूगार झाले. अशा वेषासाठी चेहऱ्याचा साचा घेतात, त्यावर सुरकुत्यांचे मऊ रबरी तुकडे घडवतात आणि ते चेहऱ्यावर इतके बेमालूम चिकटवतात, की जोड दिसत नाही. मग तासन् तास त्या रबराखाली घामाघूम होऊन अभिनय करायचा.

सिनेमा, टीव्ही, व्हिडिओ गेम असं सगळं मिळून हाँगनी सहाशेहून जास्त भूमिका केल्यात. ‘मुलान’मधला कुरकुऱ्या दरबारी चि-फू तेच. ‘टर्निंग रेड’मधले मिस्टर गाओसुद्धा तेच. तरी त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. नायक नव्हे, तर आजूबाजूचा दुकानदार, डॉक्टर, आजोबा, खलनायक होणाऱ्या नटाला चरित्र अभिनेता म्हणतात. हाँग आयुष्यभर चरित्र अभिनेतेच राहिले.

पण ते नायक झाले नाहीत, याचं कारण अभिनय कमी पडला असं नाही. त्या काळी हॉलिवूडमध्ये चिनी चेहऱ्याच्या नटाला धोबी, वेटर, गुंड असलीच कामं मिळत. आणि मुख्य पात्र चिनी असलं तर? तर गोऱ्या नटाच्या पापण्या चिकटपट्टीनं ताणून त्याला चिनी करत! १९३७च्या ‘द गुड अर्थ’ या चीनमधल्या शेतकऱ्यांच्या गोष्टीत नायक-नायिका दोघंही गोरे होते आणि नायिकेला ऑस्करही मिळालं. मला विचाराल तर हा धडधडीत अन्याय होता. हाँग नुसते रुसून बसले नाहीत. १९६५ साली माको आणि इतर काही कलावंतांबरोबर त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही नाटक कंपनी काढली. तिथे आशियाई वंशाच्या नटांना मोठ्या भूमिका मिळू लागल्या. ती कंपनी आजही नाटकं करते.

मोठं कौतुक मात्र फार उशिरा वाट्याला आलं. हॉलिवूडमध्ये एका पदपथावर कलावंतांच्या नावाचे तारे बसवलेले आहेत. हाँगच्या ताऱ्यासाठी डॅनियल डे किम या नटानं पुढाकार घेतला आणि चाहत्यांनी वर्गणी काढली. मे २०२२ मध्ये तो तारा बसला, तेव्हा आजोबा ९३ वर्षांचे होते. त्याच वर्षी आलेल्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’मध्ये त्यांनी नायिकेच्या वडिलांचं काम केलं आणि त्या सिनेमाला पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

एक गोष्ट राहिलीच. तुम्ही ‘कुंग फू पांडा’ हिंदीत पाहिला असेल, तर हाँग आजोबांचा आवाज तुम्ही अजून ऐकलेलाच नाही! हिंदीतले मिस्टर पिंग वेगळ्याच नटानं बोललेत. तेव्हा पुढच्या सुट्टीत भाषा बदलून इंग्रजी लावा. सगळे शब्द नाही समजले तरी चालेल. एखादा प्रसंग डोळे मिटून ऐका आणि हा आवाज काढताना आजोबांची जीभ कुठे असेल, ओठ कसे असतील, ते आरशासमोर करून बघा.