एक वही, दोन कारकून

धानाच्या हंगामांत गोंदियाच्या एखाद्या गिरणीच्या कोठारांत दोन कारकून एकाच वहींत आवक मांडीत आहेत, अशी वाचकांनीं कल्पना करावी. वहींत ५०० पोतीं शिल्लक आहेत. दोघेहि एकाच क्षणीं तो आंकडा पाहतात. एकजण २० मिळवून ५२० लिहितो, दुसरा ३० मिळवून त्याच जागीं ५३० लिहितो. कोठारांत पोतीं ५५०, वहींत मात्र ५३०! बेरीज दोघांचीहि शुद्ध, तरी २० पोतीं नाहींशीं झालीं.

हल्लींच्या संगणकाची, किंबहुना घरोघरच्या मोबाइलचीहि, स्थिति अशीच आहे. त्यांत अनेक प्रोसेसर एकाच सामाईक मेमरीवर काम करितात. वेगासाठीं प्रत्येकजण आपलें लिखाण क्षणभर आपल्यापाशींच राखतो. तेव्हां एकानें लिहिलेलें दुसऱ्यास कोणत्या क्रमानें दिसेल, याचाहि भरंवसा नसतो.

हा प्रश्न पोत्यांपुरता नाहीं. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें थेराक-२५ नामक किरणोपचार यंत्रानें सहा रुग्णांस प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांपैकीं कांहीं दगावले. त्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्यें एकाच वेळीं चालणारीं कामें सामाईक मेमरी निर्बंधावांचून वापरीत होतीं, हें त्याचें एक कारण ठरलें.

आमच्यासारख्या व्याकरण घोकलेल्यांस येथें पाणिनीचें स्मरण होतें. तुल्यबल सूत्रांचा विरोध आल्यास क्रमानें नंतरचें सूत्र बलवान्, असा दंडक त्यानें घालून दिला. येथें मात्र नंतरचें लिखाण आधींचें पुसून टाकतें, हाच अनर्थ! यास्तव निराळा नियम हवा, व तो भाषेच्या व्याकरणांतच हवा: एकाचें वाचणें-लिहिणें पुरें होईपर्यंत दुसऱ्यानें वहीस हात लावूं नये, आणि लिहिलेलें इतरांस केव्हां दिसावें, हेंहि ठरलेलें असावें. जावा भाषेनें आपले असे नियम २००४ सालीं सुधारून घेतले. सी व सी प्लस प्लस यांच्या प्रमाण नियमावलींत ते २०११ सालीं आले.

दुसरा मार्ग वह्याच वेगळ्या करण्याचा. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकांत प्रत्येक प्रोसेसरास स्वतःची मेमरी होती. ते परस्परांस निरोप धाडीत. त्यांतील ट्रान्सप्यूटर या प्रोसेसरांसाठीं इंग्लंडांत ऑकम ही भाषा निघाली होती, व निरोपांची देवघेव हा तिच्या व्याकरणाचाच भाग होता.

प्रोसेसर वाढविणें हें कारागिराचें काम. त्यांस परस्परांशीं नीट वागावयास लावणें हें भाषेचें, असें आम्हांस वाटतें. ज्या घरांतील मुलें आज प्रोग्रॅमिंग शिकतात, तेथील वडिलांनीं त्यांस इतकेंच विचारावें: वही सामाईक आहे काय, आणि असल्यास पाळी कोण ठरवितो?