स्कॉटिश फुटबॉलमधील पिरॅमिड-रचना

स्कॉटलंडमधील सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल लीगपासून लहान गावांतील अर्धव्यावसायिक व हौशी क्लबांच्या लीगपर्यंतच्या सर्व पायऱ्या बढती व अवनती यांच्या नियमांनी एकमेकींना जोडणारी स्पर्धाव्यवस्था. शिखराशी थोडे क्लब व पायथ्याशी पुष्कळ, अशी तिची आकृती असल्याने तिला पिरॅमिड असे नाव पडले. मैदानावर मिळविलेल्या गुणांच्या बळावर कोणत्याही क्लबला वर चढता यावे आणि खालच्या क्रमांकावर राहणाऱ्याला खाली उतरावे लागावे, हे या रचनेचे मूळ तत्त्व होय. स्कॉटलंड हा संघटित फुटबॉलचा एक आद्य देश असूनही तेथे ही रचना २०१३ नंतरच आकारास आली. तीत सामील व्हावे की नाही, हा प्रश्न त्यानंतरच्या दशकात अनेक लहान क्लबांपुढे त्यांच्या अस्तित्वाचा प्रश्न म्हणून उभा राहिला.

पूर्वेतिहास : स्कॉटिश फुटबॉल लीगची स्थापना १८९० मध्ये झाली व १८९३ मध्ये तिची दुसरी श्रेणी सुरू झाली. प्रारंभी दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत जाणे हे गुणानुक्रमापेक्षा सभासदांच्या मतदानावर अवलंबून असे. या दोन श्रेणींत आपोआप होणारी बढती व अवनती १९२१-२२ च्या हंगामापासून लागू झाली. १९२३ मध्ये तिसरी श्रेणी निर्माण करून लीगचा पाया रुंद करण्याचा प्रयत्न झाला. परंतु लहान क्लबांना सामन्यांचा खर्च झेपेना व १९२६ मध्ये ती श्रेणी मोडीत निघाली. लहान क्लबांना वरच्या स्पर्धेत घेतल्यास ते आर्थिक भाराखाली दबून जातात, या भीतीला या अनुभवाने दीर्घकाळ आधार पुरविला.

लीगच्या अंतर्गत श्रेणींत चढउतार होत असला, तरी लीगची बाहेरची सीमा मात्र बंदच होती. तळाशी राहिलेल्या क्लबाला लीगमधून बाहेर जावे लागत नसे आणि बाहेरच्या क्लबाला केवळ विजेतेपदाच्या जोरावर आत येता येत नसे. जागा रिकामी झाली किंवा लीगचा विस्तार झाला, तरच नवे क्लब मतदानाने घेतले जात. १९७४ मध्ये मेडोबँक थिसल, १९९४ मध्ये चार श्रेणींची पुनर्रचना होताना रॉस काउंटी व कॅलेडोनियन थिसल (पुढे इन्व्हर्नेस कॅलेडोनियन थिसल), २००० मध्ये पीटरहेड व एल्गिन सिटी, २००२ मध्ये ग्रेटना आणि २००८ मध्ये ग्रेटनाच्या जागी अ‍ॅनन अ‍ॅथलेटिक यांना असा प्रवेश मिळाला. एडिंबरो सिटी या क्लबाचे अर्ज मात्र २००२ व २००८ या दोन्ही वर्षी नाकारले गेले. उलटपक्षी फॉल्कर्क परिसरातील ईस्ट स्टर्लिंगशर हा क्लब २००३ ते २००७ या काळात सलग पाच हंगाम लीगच्या तळाशी राहूनही सभासद म्हणून टिकला.

बाहेर राहिलेल्या क्लबांच्या अंगी गुणवत्ता नव्हती असे नाही. १९९४ मध्ये हायलँड लीगमधून आलेल्या दोन क्लबांपैकी इन्व्हर्नेसने २००४ मध्ये व रॉस काउंटीने २०१२ मध्ये सर्वोच्च लीग गाठली. इन्व्हर्नेसने २०१५ मध्ये स्कॉटिश चषक, तर रॉस काउंटीने २०१६ मध्ये लीग चषक जिंकला. बंद दरवाज्याविरुद्ध यापेक्षा प्रभावी युक्तिवाद क्वचितच सापडेल.

ज्यूनियर फुटबॉल : हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये विशेष गुंतागुंतीचा होण्याचे कारण तेथील ‘ज्यूनियर’ फुटबॉलची परंपरा. येथे ज्यूनियर या शब्दाचा खेळाडूंच्या वयाशी संबंध नाही. स्कॉटिश फुटबॉल संघटनेच्या वरिष्ठ गणल्या जाणाऱ्या क्लबांहून वेगळ्या अशा, प्रौढ खेळाडूंच्या स्वतंत्र क्लबांना तो लावला जातो. १८८६ मध्ये त्यांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली व स्कॉटिश ज्यूनियर चषक ही बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली. एअरशर, लॅनार्कशर, फाइफ व लोदियन या भागांतील कोळशाच्या खाणींच्या वस्त्यांत या क्लबांना भक्कम लोकाश्रय लाभला. १९५१ चा ज्यूनियर चषकाचा अंतिम सामना ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ७७,६५० प्रेक्षकांनी पाहिला. सेल्टिकचे विख्यात व्यवस्थापक जॉक स्टीन यांच्यासारखे अनेक खेळाडू ज्यूनियर फुटबॉलमधूनच पुढे आले. अनेक ज्यूनियर क्लबांचा प्रेक्षकवर्ग लीगच्या शेवटच्या श्रेणीतील काही क्लबांपेक्षा मोठा असे. त्यामुळे आपण कोणाच्या खाली आहोत, ही भावनाच त्यांच्यात नव्हती. २००७ पर्यंत त्यांना स्कॉटिश चषकातही स्थान नव्हते. त्या वर्षापासून प्रादेशिक विजेते व ज्यूनियर चषकाचा विजेता अशा मोजक्या क्लबांना तेथे प्रवेश मिळू लागला.

रचनेची उभारणी : २०१२ मध्ये रेंजर्स हा ग्लासगोचा बलाढ्य क्लब दिवाळखोरीत सापडला. नव्या कंपनीच्या ताब्यात गेलेल्या या क्लबाला लीगच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत ठेवावे, असा निर्णय लीगच्या ३० पैकी २५ क्लबांनी मतदानाने घेतला. लीगमध्ये प्रवेश कोणाला व कोठे द्यावयाचा हे नियमाऐवजी मतदानाने ठरते, ही गोष्ट यामुळे सर्वांच्या नजरेस आली व पुनर्रचनेच्या चर्चेला वेग आला. २०१३ मध्ये १९९८ पासून वेगळी असलेली प्रीमिअर लीग व जुनी फुटबॉल लीग यांचे एकीकरण होऊन स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीग ही ४२ क्लबांची संस्था अस्तित्वात आली. १२, १०, १० व १० क्लब अशा तिच्या चार श्रेणी ठरल्या. त्याच वर्षी दक्षिण व मध्य स्कॉटलंडसाठी लोलँड लीग १२ क्लबांनिशी सुरू झाली. उत्तरेकडे १८९३ पासून चालत आलेली हायलँड लीग होतीच. या दोन लीग मिळून पाचवी पायरी मानण्यात आली.

२०१४-१५ च्या हंगामापासून या दोन लीगच्या विजेत्यांत दोन सामने होऊन, त्यांतील विजेत्याने व्यावसायिक लीगमधील शेवटच्या, म्हणजे ४२ व्या क्लबाशी घरच्या व बाहेरच्या मैदानावर असे दोन निर्णायक सामने खेळावयाचे, अशी पद्धत सुरू झाली. आपोआप बढती मिळावी ही खालच्या क्लबांची मागणी होती, तर आपले स्थान सुरक्षित राहावे ही वरच्या क्लबांची इच्छा. निर्णायक सामने ही या दोहोंमधील तडजोड होती. इंग्लंडमध्ये हा प्रश्न पूर्वीच सुटला होता. तेथे १९८७ मध्ये स्कारबरो हा क्लब बिगर-लीग स्पर्धेतून फुटबॉल लीगमध्ये आपोआप बढती मिळविणारा पहिला क्लब ठरला. स्कॉटलंडमध्ये अवनत झालेल्या क्लबाने कोणत्या लीगमध्ये जावे हे भूगोलावरून ठरते. डंडी येथील टे नदीवरील रस्ता-पुलाचा मध्य ही उत्तर व दक्षिण यांची सीमारेषा मानली जाते.

सामील होण्याचा निर्णय : पायथ्याकडील क्लबांच्या दृष्टीने सामील होण्याच्या बाजूने तीन मुख्य कारणे होती. पहिले, बढतीची संधी. दुसरे, परवाना मिळाल्यास स्कॉटिश चषकात दरवर्षी मिळणारा प्रवेश व त्यातून संभवणारे उत्पन्न. आणि तिसरे, उत्तम खेळाडू व प्रायोजक पिरॅमिडमधील क्लबांकडे वळतील, ही शक्यता. विरुद्ध बाजूची कारणेही तितकीच वजनदार होती. स्कॉटिश फुटबॉल संघटनेच्या परवान्यासाठी मैदान, प्रकाशझोत, वैद्यकीय व्यवस्था, हिशेब व प्रशासन यांबाबतच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालणाऱ्या क्लबाला हा खर्च जड जातो. वरच्या लीगमधील प्रवास दूरचा असतो. शेजारच्या गावाशी होणारे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुरशीचे सामने हेच ज्यूनियर क्लबांच्या उत्पन्नाचे व आत्मीयतेचे मुख्य साधन. ते गमावल्यास अनोळखी प्रतिस्पर्ध्यांसाठी प्रेक्षक येतील की नाही, याची शाश्वती नव्हती. शिवाय शतकाहून जुन्या ज्यूनियर चषकाची परंपरा खंडित होण्याची धास्ती होती.

हा निर्णय प्रत्येक क्लबाने स्वतंत्रपणे घ्यावयाचा असला, तरी तो वस्तुतः परस्परावलंबी होता. एकट्याने गेल्यास जुने प्रतिस्पर्धी सुटत. पण बहुसंख्य शेजारी गेले, तर मागे राहणाऱ्याकडे खेळायला कोणी उरत नसे. पूर्व भागात हेच घडले. फाइफमधील केल्टी हार्ट्स हा खाणवस्तीतील क्लब २०१७ मध्ये ज्यूनियर संघटना सोडून ईस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये गेला. पुढच्याच वर्षी बॉनिरिग रोज, लिन्‌लिथ्गो रोज यांसह त्या भागातील ज्यूनियर क्लबांनी मोठ्या संख्येने त्याचे अनुकरण केले व २०१८-१९ च्या हंगामात त्या लीगला ३९ क्लबांची तीन गटांत विभागणी करावी लागली. पश्चिम भागातील क्लब अधिक सबळ व परंपरानिष्ठ असल्याने ते काही काळ अलिप्त राहिले. अखेर २०२० मध्ये त्यांनी एकत्रितपणे पाऊल उचलले आणि ६७ क्लबांची वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीग सहाव्या पायरीवर उभी राहिली. ज्यूनियर संघटनेचे सभासदत्व राखून ज्यूनियर चषकात खेळण्याची मुभा पश्चिमेकडील क्लबांना राहिल्याने जुन्या परंपरेशी असलेला त्यांचा धागा तुटला नाही. २०२१ मध्ये टेसाइड भागासाठी मिडलँड्स लीग स्थापन झाली व उत्तरेकडील लीगही हळूहळू रचनेशी जोडल्या गेल्या. २०२२ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या बँक्स ओ’ डी या क्लबाने फोर्ट विल्यमचा पराभव करून हायलँड लीगमधील त्याची जागा घेतली.

परिणाम : व्यावसायिक लीगमध्ये या मार्गाने चढणारा पहिला क्लब एडिंबरो सिटी होय. दोनदा मतदानात नाकारल्या गेलेल्या या क्लबाने २०१६ मध्ये मैदानावर प्रवेश मिळविला. त्याने ईस्ट स्टर्लिंगशरची जागा घेतली. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी १९७४ मध्ये आपल्या व्यवस्थापकीय कारकीर्दीचा आरंभ ज्या क्लबापासून केला, तो हाच. २०१९ मध्ये कोव्ह रेंजर्सने बेरिक रेंजर्सला एकूण ७-० असे हरविले. बेरिक हा इंग्लंडच्या हद्दीत वसूनही स्कॉटलंडमध्ये खेळणारा क्लब. १९६७ मध्ये स्कॉटिश चषकात त्याने ग्लासगोच्या रेंजर्सला पराभूत केले होते. २०२० मध्ये कोरोना महासाथीमुळे निर्णायक सामनेच झाले नाहीत व हायलँड लीगचा विजेता ब्रोरा रेंजर्स आणि लोलँड लीगचा विजेता केल्टी हार्ट्स यांची संधी हुकली. २०२१ मध्ये केल्टीने ब्रेकिन सिटीला खाली पाठविले. ज्यूनियर फुटबॉल सोडल्यानंतर अवघ्या चार वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला व पुढील हंगामात त्याने चौथ्या श्रेणीचे विजेतेपदही मिळविले. २०२२ मध्ये बॉनिरिग रोजने १९०५ पासून लीगमध्ये असलेल्या काउडनबीथची, तर २०२३ मध्ये एडिंबरोच्या स्पार्टन्सने कोटब्रिजच्या अ‍ॅल्बियन रोव्हर्सची जागा घेतली. २०२४ मध्ये स्ट्रॅनरारने ईस्ट किलब्राइडविरुद्ध आपले स्थान राखले. सहाव्या पायरीवरील क्लबांची ताकद जानेवारी २०२३ मध्ये दिसून आली. डार्व्हेल या एअरशरमधील क्लबाने स्कॉटिश चषकात सर्वोच्च लीगमधील अ‍ॅबर्डीनला १-० असे हरविले.

वर चढणे म्हणजे तेथे स्थिरावणे नव्हे, हे बॉनिरिग रोजच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या क्लबाच्या मैदानाचा उतार लीगच्या निकषांत बसत नसल्याने २०२४-२५ च्या हंगामात त्याचे सहा गुण कापण्यात आले. त्याच हंगामाच्या अखेरीस तो तळाशी राहिला व २०१० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट किलब्राइडने त्याला लोलँड लीगमध्ये उतरविले. उतरलेल्यांची वाट त्याहून बिकट आहे. ब्रेकिनने २०२३ मध्ये हायलँड लीग जिंकली; परंतु स्पार्टन्सकडून तो पराभूत झाला. २०१६ ते २०२५ या काळात अवनत झालेल्या सहा क्लबांपैकी एकालाही २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत परत येता आले नाही. एकच जागा, तीही दोन लीगच्या विजेत्यांत व नंतर व्यावसायिक लीगमधील क्लबाविरुद्ध झगडून मिळवावयाची, हे त्याचे मुख्य कारण होय.

मोठ्या क्लबांच्या दुय्यम संघांचा प्रश्नही या काळात वादग्रस्त ठरला. २०२१-२२ मध्ये रेंजर्स व सेल्टिक यांचे दुय्यम संघ लोलँड लीगमध्ये पाहुणे म्हणून घेण्यात आले; त्यांना बढतीचा हक्क नव्हता. तरुण खेळाडूंना अनुभव व लीगला पैसा मिळतो, असे समर्थक म्हणत. गुणांनी मिळवावयाच्या जागा पैशाने दिल्या जातात, असा विरोधकांचा आक्षेप होता.

मूल्यमापन : पिरॅमिड-रचनेने स्कॉटिश फुटबॉलला न्याय्य प्रवेशाचा मार्ग दिला, मात्र त्याची किंमत जुन्या क्लबांनी मोजली. लहान नगरात फुटबॉल क्लब ही केवळ क्रीडासंस्था नसून गावाच्या ओळखीचा भाग असते. त्यामुळे शतकभर लीगमध्ये असलेल्या क्लबाची अवनती हा त्या गावाला बसलेला धक्का असतो. दुसरीकडे, ज्या खाणवस्तीतील खाणी बंद पडल्या, तिचा क्लब राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचणे हा तितकाच मोठा लाभ होय. मतदानाच्या जुन्या पद्धतीत आतील क्लब सुरक्षित व बाहेरील क्लब निराधार होते. नव्या पद्धतीत सुरक्षितता कोणालाच नाही, पण आशा सर्वांना आहे. बढतीच्या जागा वाढवाव्यात व परवान्याच्या अटी लहान क्लबांच्या कुवतीशी जुळाव्यात, या मागण्या मान्य होतील त्या प्रमाणातच ही आशा सार्थ ठरेल.