ईदची सहल आणि लाटेचा हिशोब

ताथवड्याला समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे पवना, नाहीतर पावसाळ्यात सर्व्हिस रोडवर साचते ते. तरीही ईद झाली, की दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या तीन-चार गाड्या फजरची नमाज होताच कोकणाकडे निघतात. वाटेत चहा, आणि दुपार व्हायच्या सुमारास काशीद किंवा मुरुड.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बासी ईदेला आम्ही मुरुडच्या वाळूवर दस्तरखान अंथरले. जागा कोरडी ठणठणीत, पाणी बरेच खाली. बिर्याणीच्या पातेल्यावरचे झाकण काढले आणि एक लाट आली ती थांबलीच नाही. दस्तरखान भिजले, मुलांच्या चपला वाहून गेल्या, चार वर्षांची भाची पाण्यात बसकन आपटली. लाट परत फिरायच्या आत तिच्या अब्बांनी तिला उचलले. सगळे हसले. आम्हाला हसू आले नाही. याच किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले होते. त्यांतली बहुतेक मुले-मुली आपल्यासारख्याच घरांतली होती.

पुढच्या आठवड्यात शाळेत हा किस्सा सांगितला, तर आठवीतल्या एका मुलीने विचारले, “लाट कुठपर्यंत येणार हे आधी सांगता येत नाही का?” उत्तर आम्हाला येत नव्हते. शोधायला बसलो, तेव्हा कळले की बऱ्याच अंशी येते.

एकेका लाटेचे भाकीत कोणी करत नाही. पण आजचा समुद्र वाळूवर साधारण किती चढेल, याची मर्यादा काढता येते. हिलरी स्टॉकडन या अमेरिकी संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व नेदरलँड्सच्या वाळूच्या किनाऱ्यांवर केलेल्या दहा मोजण्यांमधून २००६ साली एक सूत्र मांडले. मोजणी कॅमेऱ्यांनी केली होती. वाळूवरची ओली कड कुठपर्यंत सरकली, हे चित्रांतून टिपायचे. सूत्राला तीन गोष्टी लागतात: खोल समुद्रातल्या लाटेची उंची, दोन लाटांमधला वेळ आणि वाळूचा उतार.

आपण सारे फक्त उंची पाहतो. “आज लाटा लहान आहेत, जा रे खेळायला.” फसगत इथेच होते. समजा लाट एकच मीटर उंचीची आहे आणि वाळूचा उतार पन्नास मीटरला एक मीटर, म्हणजे अगदी सौम्य आहे. दर पाच सेकंदांनी लाट येत असेल, तर सूत्राप्रमाणे पाणी त्या वेळच्या भरतीच्या पातळीवर सुमारे २७ सेंटिमीटर चढते. त्याच उंचीची लाट पंधरा सेकंदांनी येत असेल, तर सुमारे ८० सेंटिमीटर. ऐकायला थोडेच वाटते, पण या उताराच्या वाळूवर पहिली लाट तेरा-चौदा मीटर आत येते आणि दुसरी चाळीस मीटर. सावकाश, शांत, रुबाबात येणारी लाटच जास्त आत येते. दोन लाटांमध्ये इतका वेळ मिळतो, की मुले पुढे पुढे सरकत जातात.

शिवाय सूत्र जी मर्यादा देते, ती शंभरातल्या दोन लाटा ओलांडतात. बारा सेकंदांना एक लाट धरली, तर तासाला तीनशे लाटा. त्यांतल्या सहा त्या रेषेच्याही पुढे जाणार. दहा मिनिटे उभे राहून “इथपर्यंत पाणी येत नाही” असे ठरवणाऱ्याला त्यातली एखादी दिसेल किंवा दिसणारही नाही. दर सातवी लाट मोठी, असे म्हणतात. समुद्राला तसे मोजता येत नाही.

या लांब पल्ल्याच्या लाटा कधी कधी पार दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघतात आणि काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे वारा नसतो, आभाळ निरभ्र असते. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी केंद्राने असा इशारा दिला होता. त्याच दिवसांत कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी किनाऱ्यावरून ओढले जाऊन बुडाले. इन्कॉइस लाटांचे अंदाज रोज प्रसिद्ध करते, मोबाइलवर फुकट. हवामान बघून गाडी काढणारे आपण, हे मात्र बघत नाही.

आता ईदचे. लाट चढते ती भरतीच्या पाण्यावर, आणि भरती बांधलेली आहे चंद्राला. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाची भरती असते, अष्टमीनंतर भांगाची. आपली ईद-उल-फित्र येते नवा चंद्र दिसल्यावर, म्हणजे नेमकी उधाणात! रायगडच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. वर धरलेल्या उतारावर ती दोनशे मीटर वाळू झाली. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या हिशोबाने ईदच्या दिवशी पूर्ण भरती दुपारी दीड-दोनला आणि बासी ईदेला त्याहून पाऊण तास उशिरा. आम्ही दस्तरखान अंथरले होते साडेबाराला. पाणी चढतच होते आणि आम्ही त्याच्या वाटेत जेवायला बसलो होतो. बकरी ईद दहा तारखेची, तेव्हा भांग असते आणि दुपारी ओहोटी. पण अलीकडे ती मे-जूनमध्ये येते आणि पावसाळी समुद्राला हा हिशोब पुरत नाही.

इथे एक गोष्ट लपवता येणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला चंद्र अर्धा होता. उधाण नव्हते. म्हणजे लाट कुठवर येईल हे कळले, तरी पाण्यात उतरणे सुरक्षित आहे का, याचे उत्तर मिळत नाही. तो प्रश्न परत जाणाऱ्या पाण्याचा, पायाखालून सरकणाऱ्या वाळूचा आणि खोलीचा आहे. आपल्या बायका-मुलींना तर आणखी एक अडचण: भिजलेला बुरखा किंवा सलवार गुडघाभर पाण्यातही पाय उचलू देत नाही. हिशोब फक्त कुठे बसायचे आणि लहान मुलांना कुठे खेळू द्यायचे, एवढ्यासाठी.

त्यासाठी सूत्र पाठ करायची गरज नाही. मागच्या भरतीने वाळूवर शेवाळ, शिंपले आणि काटक्यांची एक रेघ सोडलेली असते. तिच्या वरच्या बाजूला बसावे. भरती चढती आहे का, हे गावातल्या कोळ्याला विचारावे. तो हसतो, पण सांगतो.

आमच्या पुण्यातच, खडकवासल्याला, १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे हौदांत बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या प्रतिकृती करून लाटा उठवतात. आमच्या वर्गात हौद नव्हता. परात होती, एका बाजूला वाळू थापली आणि पट्टीने पाणी हलवले. पट्टी भराभर हलवली तर पाणी काठावरच खळखळते, सावकाश लांब ढकलले तर वर चढते. मुलांनी हे स्वतः शोधले, आम्ही फक्त फरशी पुसली.

गेल्या ईदेला आम्ही पुन्हा मुरुडला गेलो. भाची आता मोठी झाली आहे. तिने वाळूत पाच काठ्या रोवल्या, प्रत्येकीत पाच पावलांचे अंतर, आणि घड्याळ घेऊन रेघेच्या वर बसली. पहिल्या तीन काठ्या पंधरा मिनिटांत गेल्या. चौथी बराच वेळ टिकली, आणि तिचा भाऊ तिथे वाळूचा किल्ला बांधायला निघाला. तिने त्याला जाऊ दिले नाही. त्यावरून दोघांचे भांडण चालू असतानाच, एकतिसाव्या मिनिटाला, चौथी काठी गेली.